थोल : एका स्कॉट्स क्रियापदाच्या प्रकल्प नोंदी

६ ऑक्टोबर २०२५

पुढचं क्रियापद ठरलं: थोल. स्कॉटलंडच्या स्कॉट्स भाषेत लिहिणारा अठराव्या शतकातला कवी रॉबर्ट बर्न्स याच्या कविता मुळातून वाचू इच्छिणाऱ्या मराठी वाचकांसाठी आम्ही जो छोटा स्कॉट्स–मराठी शब्दसंग्रह करतोय, त्यात 'केन' (ठाऊक असणे), 'ग्रीट' (रडणे) आणि 'स्पीर' (विचारणे) यांच्या नोंदी झाल्या. त्यांना एकेका ओळीत मराठी अर्थ देऊन मोकळं होता आलं. थोल इतक्या स्वस्तात सुटणारा नाही. इंग्रजी कोश 'सोसणे' एवढा अर्थ देतात आणि पुढे 'जुना' किंवा 'बोलीतला' असा शिक्का मारतात. यातलं दुसरं मला पटत नाही, पहिलं अपुरं वाटतं.

कामाची वाटणी नेहमीचीच. पोथ्या आणि कोश माझ्याकडे, रस्त्यावरचं आणि स्वयंपाकघरातलं बोलणं ग्लासगोत राहणाऱ्या वैशालीकडे. कायद्याचं काही निघालं तर बापट आहेतच. आणि या शब्दात ते निघणार आहे.

९ ऑक्टोबर

आधी कोशांची बाजू. जुन्या स्कॉट्सचा, म्हणजे १७०० सालापर्यंतचा, मोठा ऐतिहासिक कोश विल्यम क्रेगी या डंडीच्या गृहस्थांनी हाती घेतला. हेच क्रेगी ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या संपादकांपैकी एक. त्या कोशात स्कॉट्सला मिळते ती जागा पुरेशी नाही, तिला तिचा स्वतःचा कोश हवा, असं त्यांनी मांडलं. पहिला भाग १९३१ साली छापला गेला आणि शेवटचा २००२ साली. बारा खंड. म्हणजे 'टी'पासून सुरू होणाऱ्या शब्दांना जवळजवळ शेवटपर्यंत ताटकळावं लागलं. १७०० नंतरच्या भाषेचा दुसरा कोश, दहा खंडांचा, १९३१ ते १९७६ या काळात झाला. त्याचे संपादक विल्यम ग्रँट आणि त्यांच्यानंतर डेव्हिड म्युरिसन. २००४ पासून हे दोन्ही कोश एकत्र इंटरनेटवर फुकट पाहता येतात. पुण्यात बसून हे काम करता येतं ते त्यामुळेच.

पण मला रस आहे त्यांच्याही आधीच्या जॉन जेमिसनमध्ये. हा फोरफार गावचा पाद्री. आपल्याकडच्या बऱ्याच शिकलेल्या लोकांना बोलीबद्दल जे वाटतं तेच त्यालाही वाटायचं: स्कॉट्स म्हणजे बिघडलेली इंग्रजी. मग १७८० च्या दशकात त्याची गाठ ग्रिमुर थोर्केलिन या आइसलंडच्या विद्वानाशी पडली. थोर्केलिनने त्याला सांगितलं, की तुमच्या या भागात लोक बोलतात त्यातले कितीतरी शब्द मी माझ्या देशात ऐकत आलो आहे, ही बिघडलेली इंग्रजी नव्हे. जेमिसन वही घेऊन शब्द टिपायला लागला आणि १८०८ साली त्याचा दोन खंडांचा कोश निघाला. १८२५ मध्ये पुरवणी.

थोर्केलिनचं नाव इथे लिहून ठेवतो. ते पुन्हा येणार आहे.

१३ ऑक्टोबर

शीर्षशब्द देवनागरीत कसा लिहायचा? स्कॉट्समध्ये पहिला ध्वनी जीभ दातांना टेकवून हवा घासत सोडण्याचा आहे. आपला 'थ' स्फोटक, महाप्राण. दोन्ही एक नाहीत, पण मराठी वाचक 'थ'च वाचणार आणि त्याने काही बिघडत नाही. स्वर मात्र महत्त्वाचा. इंग्रजीत 'होल', 'पोल' म्हणताना ओठ शेवटी 'उ'कडे घसरतात. स्कॉट्समध्ये 'ओ' सरळ आणि शुद्ध राहतो, आपल्या 'मोल'सारखा. म्हणजे मराठी माणसाने 'थोल' जसं वाचायचं तसं वाचलं तर लंडनच्या माणसापेक्षा तो ग्लासगोच्या जवळ जातो.

जुन्या हस्तलिखितांत 'थोइल' असंही लिहिलेलं सापडतं. वाचताना तो 'इ' गिळायचा. जुन्या स्कॉट्स लेखनात स्वरानंतरचा 'इ' बऱ्याचदा फक्त स्वर दीर्घ असल्याची खूण असतो. नोंदीत ही सूचना एका ओळीत द्यायची. नाहीतर कोणीतरी 'थॉइल' म्हणत सुटेल.

१४ ऑक्टोबर

नावेचं वल्हं अडकवायला काठावर जी खुंटी असते तिलाही इंग्रजीत 'थोल' म्हणतात. त्याचा या क्रियापदाशी संबंध नाही. तो शब्द झाड किंवा खुंटी अशा अर्थाच्या नॉर्डिक शब्दाच्या घरातला. कोणीतरी 'खुंटी वल्ह्याचा भार सोसते म्हणून थोल' अशी गोड व्युत्पत्ती रचण्याआधीच टीप टाकलेली बरी.

१७ ऑक्टोबर

आज जुनी इंग्रजी. स्कॉट्सची आई ती. सातव्या शतकात नॉर्थम्ब्रियाचे अँगल लोक लोदियनपर्यंत, म्हणजे आजच्या एडिनबर्गच्या परिसरापर्यंत पोचले आणि त्यांच्या उत्तरेकडच्या बोलीतून पुढे ही भाषा घडली. तिचे बोलणारे स्वतःच तिला कितीतरी काळ 'इंग्लिस' म्हणायचे. 'स्कॉटिस' हे नाव पंधराव्या शतकाच्या शेवटाकडे रुळायला लागलं.

क्रियापदाचं जुनं रूप थोलिअन. पहिला अर्थ अपेक्षित: दुःख, संकट, थंडी अंगावर घेणे. बेओवुल्फ या महाकाव्यात, १३१ व्या ओळीत, राक्षस ग्रेंडेलने रात्रीत माणसं मारून नेल्यावर म्हातारा राजा ह्रोथगार सकाळी उदास बसला आहे. तो बलवान राजा 'थोलोदे', आणि आपल्या शूरांचं दुःख त्याने 'द्रेआह'. एकाच ओळीत दोन क्रियापदं आहेत आणि दोन्ही स्कॉट्समध्ये टिकली: एक थोल, दुसरं ड्री. 'ड्री'ची नोंद नंतर वेगळी करायची आहे.

हे काव्य एकाच हस्तलिखितात उरलं आहे. १७३१ साली लंडनच्या ॲशबर्नहॅम हाउसला आग लागली तेव्हा त्याच्या कडा होरपळल्या आणि नंतर पानांचे काठ झडू लागले. १७८० च्या दशकाच्या शेवटी त्याची पहिली पूर्ण नक्कल तयार झाली, म्हणून आज झडलेली अक्षरंही ठाऊक आहेत. ती नक्कल तयार करवून घेणारा आणि १८१५ साली काव्य प्रथम छापणारा माणूस म्हणजे ग्रिमुर थोर्केलिन. फोरफारच्या पाद्रीबुवांना शब्द गोळा करायला लावणारा तोच. असले योगायोग कोशकामात फार भेटत नाहीत, म्हणून थोडी जागा दिली.

आता दुसरा अर्थ, जो मला या कामाआधी माहीत नव्हता. थोलिअनच्या पुढे षष्ठीतलं नाम आलं तर अर्थ होतो 'मुकणे'. सातव्या शतकाच्या शेवटी वेसेक्सचा राजा इने याने जे कायदे केले त्यांत एक कलम आहे: स्वतंत्र माणसाने रविवारी धन्याच्या हुकुमाशिवाय काम केलं, तर त्याने आपलं स्वातंत्र्य 'थोलावं'. म्हणजे स्वातंत्र्याला मुकावं. सोसण्याचा इथे प्रश्नच नाही. जे होतं ते हातून जातं. मराठी 'मुकणे' इथे अगदी चपखल बसतो, फक्त आपल्याकडे चतुर्थी लागते. जिवाला मुकला, वतनाला मुकला.

म्हणजे हे क्रियापद कायद्याच्या तोंडी अगदी सुरुवातीपासून आहे.

२६ ऑक्टोबर

दिवाळीत काम बंद होतं. फराळासोबत एका नातेवाइकाने ऐकवलं, की युरोपातल्या सगळ्या भाषा संस्कृतमधूनच निघाल्या, तुझ्या त्या स्कॉट्सचंही तसंच असणार. तसं नाही. पण आजचा विषय नेमका त्याच गल्लीतला, म्हणून नीट लिहितो.

थोलची भावंडं: गॉथिक थुलान, जुनी नॉर्स आणि आजची आइसलँडिक थोला, स्वीडिश तोला, जर्मन 'गेडुल्ड', म्हणजे धीर. ही जर्मानिक शाखा. या शाखेत मूळ 'त'चा घासून 'थ' होतो, हा नियम पक्का आहे. तो उलटा फिरवला की बाकीचे चुलत नातेवाईक दिसतात: लॅटिन 'तोलेरारे' (त्यातून टॉलरेट), ग्रीक 'त्लेनाय' म्हणजे सोसणे, ग्रीक 'तालान्तोन' म्हणजे तराजू, वजन आणि त्या वजनाची रक्कम. आणि संस्कृत 'तुला'.

मूळ धातूचा अर्थ उचलणे, पेलणे. वजन करायचं तर वस्तू उचलून पेलावी लागते, म्हणून तुला. मराठीत हे कुटुंब भरभरून नांदतं: तोल, तोलणे, तुळणे, सोन्याचा तोळा. माझ्या मते सगळ्यांत मूळाजवळचा आहे 'तोलून धरणे'. चार खांब छप्पर तोलून धरतात. त्यात दुःख नाही, तक्रार नाही, फक्त भार आहे आणि तो खाली पडू न देणं आहे.

संस्कृत आई नाही, मावशी. एवढं लिहून पुरे.

२९ ऑक्टोबर

मग दक्षिणेकडच्या इंग्रजीतून हा शब्द गेला कुठे? तो तिथेही होता. बाराव्या शतकात लिंकनशरच्या ऑर्म नावाच्या भिक्षूने धर्मोपदेशाचं प्रचंड पद्य लिहिलं, त्यात तो सारखा येतो. चौदाव्या शतकाच्या शेवटी इंग्रज कवी चॉसरकडेही आहे, आणि कुठे आहे ते बघण्यासारखं. त्याच्या 'कँटरबरी टेल्स'मधल्या फ्रायरच्या, म्हणजे भिक्षूच्या, कथेत चिखलात रुतलेला गाडीवान आपल्या घोड्यांना शिव्या घालतोय: सैतान तुम्हाला हाडामासासकट घेऊन जावो, तुमच्यापायी मी किती 'थोलं'! एका घोड्याचं नाव ब्रॉक आणि दुसऱ्याचं चक्क स्कॉट. कथेतला सैतानही आपलं घर उत्तरेत असल्याचं सांगतो. चॉसरला हा शब्द दरबारी माणसाच्या नव्हे, गाडीवानाच्या तोंडी शोभेसा वाटला, एवढं मी यातून घेतो. अर्थात यमकाचीही गरज होती.

त्याची जागा घेतली फ्रेंचमधून आलेल्या 'सफर'ने. त्याचीही घडण तीच, 'खालून पेलणे'. गंमत म्हणजे 'सफर'ने थोलचे दोन्ही अर्थ उचलले: सोसणे आणि होऊ देणे. थोलमध्ये दुसरा अर्थ पक्का होता. जुन्या स्कॉट्समध्ये राजा एखादी गोष्ट 'थोलतो' म्हणजे ती चालू देतो, तिला आडकाठी करत नाही.

सोसणे आणि परवानगी देणे हे एका क्रियापदात कसं मावतं, हा प्रश्न इंग्रजी वाचकाला पडतो. मराठी वाचकाला पडू नये. 'मी हे चालवून घेणार नाही', 'घरात हे खपवून घेतलं जाणार नाही' असं आपण रोज म्हणतो. ज्याच्या हातात अडवणं आहे त्याने सोसलं की ती परवानगी होते. ज्याच्या हातात काहीच नाही, त्याचं सोसणं सोसणंच राहतं.

३ नोव्हेंबर

बर्न्स. या सगळ्या उपद्व्यापाचं निमित्त तोच.

नोव्हेंबर १७८५. नांगर चालवताना उंदरीचं घरटं उलथलं आणि त्यावर त्याने कविता लिहिली. पुढच्या वर्षी किल्मारनॉकला छापलेल्या पहिल्या संग्रहात ती आहे. थोल येतो तो पाचव्या–सहाव्या कडव्यांच्या सुमारास: पानं आणि धसकटं एकेक कुरतडून उभं केलेलं घर गेलं, आता तुला घरादाराशिवाय 'टु थोल द विंटर्स स्लीटी ड्रिबल, ॲन क्रॅनरख कॉल्ड'.

'स्लीटी ड्रिबल' म्हणजे अर्धा पाऊस, अर्धं बर्फ, धड कोसळत नाही आणि धड थांबत नाही अशी रिपरिप. क्रॅनरख म्हणजे गवतावर गोठलेल्या दवाचा पांढरा थर. दर हिवाळ्यात वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात तेवढीच आपली त्याच्याशी ओळख.

आणि थोल? 'सोसायला' लिहिलं तर उंदरी बिचारी होते. 'झेलायला' लिहिलं तर ती शूर होते. बर्न्स तिला दोन्ही करत नाही. तिला फक्त मार्चपर्यंत जगायचं आहे. मी बराच वेळ घुटमळलो आणि मग सुचलं ते 'काढणे'. हिवाळा काढायचा. दिवस काढले. कळ काढ. या 'काढणे'त सोसणं आहे, पण त्याहून जास्त पलीकडे पोचणं आहे. कवितेच्या टीपेत 'रिपरिपता हिवाळा काढायला' असं घेतोय.

वैशालीला पाठवलं. तिचं उत्तर: "काका, परफेक्ट. पण 'टू डॉग्ज'मध्ये नाही चालणार."

५ नोव्हेंबर

ती बरोबर आहे. त्या कवितेत श्रीमंताचा कुत्रा सीझर आणि नांगऱ्याचा कुत्रा लुआथ गप्पा मारत बसतात. गरिबांचे हाल सीझर सांगतो, कारण जमीनदाराच्या दारात वसुलीच्या दिवशी काय घडतं ते त्यानेच पाहिलं आहे. जवळ पैसा नसलेल्या कुळांना 'थोल अ फॅक्टर्स स्नॅश' करावं लागतं. फॅक्टर म्हणजे जमीनदाराचा कारभारी. स्नॅश म्हणजे त्याची मुजोर शिवीगाळ. तो पाय आपटतो, धमकावतो, जप्ती आणतो, आणि कुळं मान खाली घालून, थरथरत, सगळं ऐकून घेतात.

'ऐकून घेणे'! इथे थोलचा अर्थ हाच. शिव्या कोणी काढत नाही, ऐकून घेतात. ज्याला उलट बोलण्याची सोय नाही त्याचं क्रियापद.

हे बर्न्सने कल्पनेतून आणलेलं नाही. त्याचे वडील माउंट ऑलिफंटची शेती खंडाने करत. मूळ मालक वारल्यावर कारभाऱ्याशी गाठ पडली आणि त्याची धमकीची पत्रं आली की घरातले सगळे रडायचे, असं बर्न्सने १७८७ साली डॉक्टर जॉन मूर यांना लिहिलेल्या पत्रात आहे. त्या कवितेतलं चित्र त्याच माणसाचं, हेही त्याने तिथेच सांगून टाकलं.

१० नोव्हेंबर

बापटांकडे गेलो होतो. विषय: 'थोल्ड असाइझ'.

असाइझ म्हणजे इथे पंचमंडळ, आणि त्यावरून पंचांपुढचा खटला. स्कॉटलंडमध्ये गंभीर फौजदारी खटल्याला पंधरा पंच बसतात. आरोपीने एकदा पंचांपुढचा पूर्ण खटला 'थोलला', की त्याच आरोपासाठी त्याला पुन्हा उभं करता येत नाही. तसं केलं तर वकील उठून म्हणतो, याने आपला असाइझ थोलला आहे. खटला सुरू होण्याआधीच अडवण्याची ही हरकत शतकानुशतकं स्कॉट्स कायद्यात आहे आणि कोर्टाच्या निकालपत्रांत हे शब्द आजही सापडतात. काळी कोटवाली मंडळी शेतकऱ्याच्या भाषेतलं क्रियापद बिनदिक्कत वापरतात, कारण ती त्यांचीही भाषा होती.

बापट म्हणाले, "आपल्याकडे घटनेचं कलम २०(२) आहे. पण ते खटला आणि शिक्षा दोन्ही झालेल्यापुरतं. निर्दोष सुटलेल्याचं संरक्षण फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात, पूर्वी कलम ३००, आता नागरिक सुरक्षा संहितेचं ३३७." मग चष्मा काढून: "पण तुझ्या शब्दाचा मुद्दा वेगळा आहे रे. निर्दोष सुटलेला माणूससुद्धा थोलतोच ना?"

थोलतोच. मला हवं होतं ते हेच. असाइझ थोलण्यात शिक्षा असायलाच हवी असं नाही. गुन्हा केलेला असो वा नसो, माणूस त्या प्रक्रियेतून या टोकाकडून त्या टोकाला गेला, एवढंच. अर्ध्यात मोडलेला खटला थोललेला धरत नाहीत. म्हणजे शेवटापर्यंत जाणं हे या अर्थाचं अंगच आहे, उंदरीच्या हिवाळ्यासारखं.

मराठीत 'खटला भोगला' म्हणता येणार नाही; भोगतात ती शिक्षा. 'खटल्याला सामोरा गेला' यात फक्त सुरुवात येते. बापटांनी सुचवलं: 'न्यायचौकशी होऊन चुकलेला'. कोर्टाच्या मराठीत शोभेल, अर्थही पूर्ण येतो, पण कर्ता गायब झाला. थोलमध्ये करणारा आरोपी आहे. तरी हेच घेतोय. वाचकाला कंसाबाहेर दोन वाक्यांत समजावून सांगू.

हा नियम आता दगडावरची रेघ राहिलेला नाही. २०११ साली स्कॉटिश संसदेने कायदा करून अपवाद ठरवले: खटलाच गैरमार्गाने फिरवला असेल, सुटल्यानंतर आरोपीने कबुली दिली असेल, किंवा भक्कम नवा पुरावा आला असेल, तर पुन्हा खटला चालू शकतो. एडिनबर्गच्या वर्ल्ड्स एंड या पबमधून निघालेल्या दोन तरुणींच्या १९७७ सालच्या खुनांचं प्रकरण या वाटेने गेलं. अँगस सिंक्लेअरवरचा २००७ चा खटला पुरावा अपुरा म्हणून न्यायाधीशांनीच थांबवला होता; तो २०१४ साली पुन्हा चालला, दोषी ठरला आणि किमान ३७ वर्षांची शिक्षा झाली.

त्या कायद्याच्या नावात मात्र थोल नाही. नाव इंग्रजी वळणाचं: 'डबल जेपर्डी'. लंडनच्या आणि अमेरिकेच्या वाचकाला लगेच कळावं म्हणून असेल. मला ते जरा खुपलं.

१८ नोव्हेंबर

वैशालीच्या टिपणांचा गठ्ठा आला. थोडक्यात:

शेजारच्या आजीबाई, वय ऐंशीच्या पुढे, बस उशिरा आली की 'थोल' म्हणतात. ऑफिसातल्या तिशीच्या मुली फक्त नकारात: 'आय कॅने थोल हिम', म्हणजे तो मला अगदी सहन होत नाही. होकारात वापरला तर तो थोडा मुद्दाम, थोडा आजीच्या ढंगात. तिच्या मुलाच्या शाळेत बर्न्सची कविता पाठ असते म्हणून मुलांना शब्द ठाऊक आहे, पण खेळताना तोंडी येत नाही.

तर शब्द मेलेला नाही, आकसला आहे. पूर्ण क्रियापदाचं 'सहन न होणे' झालंय. 'जुना' हा शिक्का त्यामुळे चुकीचाच. २०११ च्या जनगणनेत स्कॉटलंडमधल्या १५ लाखांहून जास्त लोकांनी आपल्याला स्कॉट्स बोलता येतं असं सांगितलं. आणि यंदाच्या जूनमध्ये तिथल्या संसदेने गेलिक या तिथल्या दुसऱ्या भाषेबरोबर स्कॉट्सलाही अधिकृत दर्जा देणारा कायदा मंजूर केला. दर्जा मिळाल्याने आजीबाईंचा होकारार्थी थोल मुलींच्या तोंडी परत येईल, असं मात्र मला वाटत नाही.

एक व्याकरणाची गोष्ट तिने पकडली, मी नोंदवतोय. स्कॉट्समध्ये 'मी त्याला थोलू शकत नाही': कर्ता मी. मराठीत 'मला तो सहन होत नाही', 'मला त्याचं तोंड बघवत नाही': मी चतुर्थीत बाजूला आणि न सोसवणं आपोआप घडणारं. आपण हा नकार स्वतःच्या अंगावर घेत नाही. उदाहरणवाक्यांत हा बदल करावाच लागेल, शब्दशः ठेवलं तर मराठी वाटणार नाही.

२४ नोव्हेंबर

समुद्रापलीकडचा थोल राहिला होता. सतराव्या शतकाच्या आरंभी स्कॉटलंडमधून हजारो लोक उत्तर आयर्लंडमध्ये, अल्स्टरमध्ये, वसवले गेले. त्यांच्याबरोबर शब्दही गेला आणि तिथे कॅथलिक शेजाऱ्यांच्या बोलण्यातही मुरला. कवी शेमस हीनी त्याच भागातला, काउंटी डेरीचा. बेओवुल्फचं त्याचं भाषांतर १९९९ साली आलं. त्याच्या प्रस्तावनेत तो सांगतो, की थोलिअन हे परकं दिसणारं क्रियापद जुन्या इंग्रजीच्या शब्दार्थांत भेटलं आणि त्याला कळलं, हा तर आपल्या गावाकडच्या वडीलधाऱ्या माणसांचा शब्द. एखाद्या घरात दुःख झालं की त्याची आत्या म्हणायची, त्यांना आता थोलायला शिकावं लागेल.

या वाक्यात थोलला कर्म नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. काय थोलायचं ते बोललेलं नाही. स्कॉट म्हणही तशीच: 'ही दॅट थोल्स ओव्हरकम्स', जो थोलतो तो तरून जातो. आपली म्हण लगेच आठवते, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. पण आपल्याकडे टाकी आहे, घाव आहेत, वर देवपणाचं बक्षीस आहे. स्कॉट म्हणीत यातलं काहीच नाही. म्हणून म्हणीला म्हण द्यायचा मोह टाळतोय. आत्याचं वाक्य मी असं केलंय: 'त्यांनी आता कळ काढायला शिकलं पाहिजे.'

वैशालीला 'कळ काढणे' तिच्या पिढीला लागेल का, अशी शंका आहे. लागेल. दवाखान्यात सुई टोचताना आजही तेच म्हणतात.

२ डिसेंबर

नोंदीचा मसुदा तयार. अर्थांचा क्रम बदलला. बहुतेक कोश 'दुःख सोसणे' पहिलं घेतात. मी भारापासून सुरुवात केली.

थोल, क्रियापद. १. वाट्याला आलेलं शेवटापर्यंत पेलणे. (हिवाळा, दिवस) काढणे. २. कर्माशिवाय: कळ काढणे, धीर धरणे. ३. उलट बोलता येत नाही म्हणून ऐकून घेणे. ४. जुना: चालू देणे, खपवून घेणे. ५. कायद्यात: असाइझ थोलणे, न्यायचौकशीतून पूर्ण जाणे, मग निकाल काहीही लागो. ६. आज बोलण्यात मुख्यतः नकारात: सहन न होणे. जुन्या इंग्रजीत याखेरीज: मुकणे. उच्चार 'मोल'सारखा. वल्ह्याची खुंटी हा वेगळा शब्द.

'थोलमूडी' (सोशिक) आणि 'थोलेबल' (सोसण्याजोगं) ही साधित रूपं खाली एका ओळीत.

बापटांनी पाचव्या अर्थातलं 'पूर्ण' हा शब्द ठळक करायला लावला. वैशालीने सहावा अर्थ दुसऱ्या क्रमांकावर हवा म्हणून भांडण काढलंय: तिच्या मते आज ग्लासगोत उतरलेल्या माणसाला पहिल्यांदा तोच ऐकू येणार. तिचं म्हणणं खरं आहे, पण आपला वाचक ग्लासगोत नाही, बर्न्सच्या पानावर उतरणार आहे. क्रम तसाच ठेवला.

३ डिसेंबर

ड्रीची नोंद उघडली. 'ड्री युअर वीर्ड' म्हणजे नशिबात लिहिलेलं पुरं करणे. इथे मराठीचं काम सोपं: भोगणे. वाट्याचे भोग भोगणे. 'ड्रीख', म्हणजे कंटाळवाणं, न संपणारं पावसाळी आभाळ, याच घराण्यातला. तो वैशाली लिहील. तिला त्याचा सराव आहे.